पोत्यांच्या खोलीतले पाठ

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी निवडत उभी होते. फोन मिलिंद भाऊजींचा होता, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. नांदेडच्या दवाखान्यातून आदल्या संध्याकाळीच त्यांनी ताप उतरतोय म्हणून कळवलं होतं. त्यामुळे मी फोन उचलला तो 'कधी सोडताहेत घरी?' असं विचारतच. भाऊजी म्हणाले, "ताई, सुजाता न्हाई राह्यली." मेथीवाल्या मावशींनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली आणि मला स्वतःच्या गोणपाटावर बसवलं. "काहून रडून राहिल्या बाई? कोन गेलं?" त्या विचारत होत्या.

सुजाता आणि मी एकाच शाळेत होतो. स्टाफरूममधल्या एका टेबलाच्या दोन बाजू आमच्या. ती गणित शिकवायची, मी मराठी. मला कुठलीही गोष्ट तिच्या आजोळापासून सांगायला लागते, तिला थेट मुद्दा लागायचा. मधल्या सुट्टीत मी काही सांगायला घेतलं की डबा उघडता उघडता म्हणायची, "आधी मेलं कोन ते सांग, मग आजार सांग." त्यावरून आमची किती भांडणं झाली असतील! हा लेख लिहायला बसले तेव्हा मी तिचं ऐकलं, मेलं कोण ते आधी सांगून टाकलं. पण पुढचं मी माझ्याच पद्धतीनं सांगणार आहे, लांबलचक, कारण आता मला अडवायला ती नाही.

शाळा बंद पडल्या त्या काळात सगळ्यांसारखीच सुजाताही फोनसमोर उभी राहून शिकवू लागली. तिचे पहिले पाठ म्हणजे अख्खे तास होते. 'नमस्कार मुलांनो'पासून 'उद्या वह्या तपासणार आहे'पर्यंत सगळं त्यात. मध्येच मागच्या बाकावरच्या पोरांवर ओरडणंसुद्धा, जी पोरं तिथं नव्हतीच. मी ते पाहून हसून हसून बेजार झाले होते. मग दिवाळीनंतर एक दिवस तिला रूपालीचा फोन आला. सातवीतली पोरगी, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली. बापाच्या फोनवर तिनं पाठ पाहिला होता. म्हणाली, "मॅडम, तुमी म्हनता काल आपन पाहिलं. काल तर आमी ट्रकमधी होतो. मी कुठून पाहू?" ती तक्रार करत नव्हती, खरंच विचारत होती. दुसऱ्या दिवशी सुजाता मला म्हणाली, "अगं, आपले पाठ रोज येनाऱ्या लेकराचेच हायेत. ज्याचं मधलं बुडलं त्याला आपन दारातच उभं करून ठेवलं." तिचा आवाज असा पडलेला मी क्वचितच ऐकला होता.

तिथून तिचं मोडामोडीचं काम सुरू झालं. अख्खा तास मोडून त्याचे लहान लहान घटक करायचे. एका घटकात एकच गोष्ट, आणि ती अशी सांगायची की मागचं काही न पाहिलेल्या लेकरालाही कळावी. 'काल', 'उद्या', 'मागच्या पाठात' हे शब्द बंद. इयत्ता सांगायची नाही, कारण सातवीला शिकवलेली शेकडेवारी आठवीच्या व्याजालाही लागते आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेलाही. सण, पाऊस, गावाचं नाव, सगळं बंद. 'मुलांनो'सुद्धा बंद. "तिकडं एकच लेकरू असतं गं, उसाच्या पाचटावर बसलेलं. त्याला तू म्हनायचं," असं तिचं म्हणणं. प्रश्न विचारला की उत्तरासाठी थांबायचं, समोर कुणी नसलं तरी. आणि घटकाच्या आधी नि शेवटी काही न बोलता थोडी जागा मोकळी सोडायची, शिवताना कापडात माया सोडतात तशी, म्हणजे कुठलाही घटक कशालाही जोडता येतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं घटकांची नावं लिहून तिनं चिठ्ठ्या कापल्या होत्या. त्या जमिनीवर ओळीनं मांडायची, एक ओळ सातवीची, एक आठवीची, एक शिष्यवृत्तीची. एकच चिठ्ठी दोन ओळींत हवी असली की दोन्ही ओळी वळवून त्या चिठ्ठीपाशी आणायची, दुसरी चिठ्ठी करायची नाही. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखा बंद, आणि मी शेजारी घामाघूम. शाळेत आम्ही या घटकांना 'सुजाताच्या फोडी' म्हणायचो. आधी चेष्टेनं म्हणायचो, पुढं तेच नाव पडलं.

हे पाठ रेकॉर्ड व्हायचे कुरुंद्याला, तिच्या घरातल्या हळदीच्या पोत्यांच्या खोलीत. बाकी कुठंही उभं राहिलं की आवाज घुमायचा. या खोलीत मात्र भिंतींना छतापर्यंत पोती लावलेली, पॉलिश होऊन भावाची वाट पाहणारी हळद. तिथं बोललं की शब्द जिथल्या तिथं राहायचा. त्यामुळे घरात दरवर्षी एक ठरलेली जुगलबंदी व्हायची. भाऊजी म्हणायचे, "भाव बरा हाय, हिंगोलीला गाडी सांगू का?" सुजाता आतून ओरडायची, "अपूर्णांक होऊ द्या, मग न्या!" मोंढ्यात कुणा व्यापाऱ्यानं विचारलं तर भाऊजी गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "आमची हळद अपूर्णांकावर अडली." माझं काम म्हणजे पालथ्या डब्यावर बसून ऐकायचं आणि एखादा चुकार शब्द आला की हात वर करायचा. तिला पोत्याला टेकून बोलायची सवय होती. रेकॉर्डिंग संपवून बाहेर आली की तिच्या साडीची पाठ पिवळी झालेली असायची.

एकदा मात्र मी भांडले. पाव हिस्सा समजावून सांगायच्या नादात ती बोलून गेली, "समज, उन्नतीकडे आठ पेरू आहेत." उन्नती तिची मुलगी, तेव्हा अगदी लहान होती. मी हात वर केला नाही. सुजातानंच फोन बंद केला, ते पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली, "समज, एका मुलीकडे आठ पेरू आहेत." मी म्हटलं, "अगं, लेकीचं नाव राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? तुझं नाव नाही, गावाचं नाव नाही. शिकवणारं कुणी माणूस आहे की नाही?" तर म्हणाली, "दुसऱ्या लेकराला वाटंल ही उन्नती कोन. त्याचं ध्यान तिकडं जाईल. त्याला अपूर्णांक कळायचा हाय, मी न्हाई." आणि फोनमधली जागा कायम भरलेली असल्यामुळे ती दर रविवारी जुनं सगळं पुसून टाकायची, चुकलेले पाठ, आलेले निरोप, गेलेले निरोप, सगळं.

तिचं ते म्हणणं किती खरं होतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या गावात बचत गटाच्या बायकांची बैठक होती, आम्ही दोघी सहज गेलो होतो. गटाच्या ताईंनी फोन मोठ्या आवाजात लावला आणि सुजाताचा शेकडेवारीचा घटक सुरू झाला. सातवीच्या पोरांसाठी केलेला तो घटक कुणाकडून कुणाकडे जात तिथं पोचला होता. बायका मान हलवत ऐकत होत्या, बोटांवर हिशेब करत होत्या. सुजाताशेजारी बसलेल्या एका आजी तिलाच म्हणाल्या, "ही बाई चांगलं समजून सांगून राहिली व्हय. कुठली असंल?" सुजाता म्हणाली, "असंल कुठली तरी." परत येताना एसटीत ती खिडकीतून बाहेर बघून एकटीच हसत होती. इतकी आनंदी मी तिला तिच्या बढतीच्या दिवशीही पाहिली नव्हती. आज ते आठवलं की मला रडू येतं, आणि थोडा रागही येतो तिचा.

यंदा पावसाळा सरता सरता तिला ताप आला. चार दिवस घरी काढले, मग हिंगोली, मग नांदेड. दवाखान्यात मी भेटायला गेले तर सलाईन लावलेल्या हातानं खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाली, "वर्तुळ राह्यलं गं. तुझ्या भाऊजींना सांग, पोती हलवू नका." मी म्हटलं, "वर्तुळ कुठं पळून जात नाही, तू आधी बरी हो." यावर ती डोळे मिटून हसली. आमचं शेवटचं बोलणं ते हेच.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला श्रद्धांजली वाहायच्या कार्यक्रमाला अंगणातला मांडव भरून गेला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढे तिचा हार घातलेला फोटो. भाषणं झाली. मग कुणीतरी सुचवलं, बाईंचा आवाज ऐकवू. ऐकवण्यासारखं दुसरं काय होतं? आमच्या एका सरांनी हाताला लागला तो घटक स्पीकरवर लावला. मांडवात सुजाताचा आवाज आला, "एका भाकरीचे चार सारखे भाग केले. एक भाग खाऊन झाला. उरली किती? विचार कर…" आणि सवयीप्रमाणे ती थांबली. तोच मागं सतरंजीवर बसलेली आमची शाळेची पोरं एका सुरात बोलून गेली, "तीन चतुर्थांश!" बोलल्यावर त्यांनीच जीभ चावली. स्पीकरमधून सुजाता म्हणाली, "बरोबर." मग मांडवात कुणाच्याच डोळ्याला खळ राहिला नाही. पहिल्या रांगेत बापाशेजारी बसलेली उन्नती मात्र रडलीही नाही आणि तिनं उत्तरही दिलं नाही.

माणसं पांगल्यावर ती माझ्याकडे आली. आता सातवीत आहे ती, रूपाली तेव्हा होती तेवढीच. "मावशी, सगळे पाठ तुमी ऐकले ना? आईनं कुठं माझं नाव घेतलं का?" एका घरात राहणाऱ्या मायलेकी एकमेकींना फोनवर निरोप कशाला पाठवतील, आणि जे काही थोडे असतील ते सुजाताच्या रविवारनं पुसलेले. वाढदिवसाच्या व्हिडिओत गाणी आणि पोरांचा गलका, आई फोन धरून मागं उभी. एका लेकीच्या वाट्याला आईचा एवढा आवाज उरलेला, आणि त्यात तिला उद्देशून एक अक्षर नाही. मी म्हटलं, "नाही गं बाळा. तिनं ते राहू दिलं नाही." उन्नती म्हणाली, "पन एकदा तरी चुकली असंल ना? आई कधीच चुकली न्हाई का?"

त्या प्रश्नानं माझी पाठ सोडली नाही. घरी आल्यावर मी एकेक घटक पुन्हा ऐकायला घेतला. पूर्वी चुकार शब्द पकडायला ऐकायचे, आता एखादा सापडावा म्हणून ऐकत होते. अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर, कोन, क्षेत्रफळ. कुठं तरी दाराआडून हाक, कुठं तरी 'थांब गं उन्नती' एवढं तरी… पण नाही. सगळं निवडलेल्या तांदळासारखं स्वच्छ. शेवटचा घटक संपला तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, इतकी शिस्त कुणी सांगितली होती गं तुला? स्वयंपाकघरातून नवरा धावत आला, मी कुणाशी भांडतेय म्हणून.

परवा मी कुरुंद्याला गेले. उन्नतीला सांगायचं होतं की सगळं शोधून पाहिलं, नाही मिळालं. भाऊजी ओसरीवर होते. "व्यापारी रोज फोन करून राहिला," ते म्हणाले, "पन पोती हलवली की खोली घुमते ना, ताई." उन्नती त्या खोलीतच होती. आईच्या जागी, पोत्याला पाठ टेकून बसलेली, फोन कानाशी धरलेला. मी तिच्या शेजारी बसले आणि जे सांगायचं ते सांगितलं. तिनं मान हलवली. जसं काही तिला ते आधीच माहीत होतं. म्हणाली, "पाठ न्हाई ऐकत मी. ह्ये ऐका." आणि फोन माझ्या कानाला लावला.

तिनं घटकाची सुरुवात लावली होती. जोडायला म्हणून सोडलेली ती मोकळी जागा. मी ती शेकडो वेळा ऐकली असेल, पण माझं लक्ष कायम शब्दांकडे. त्या जागेत या खोलीची शांतता होती, आणि त्या शांततेत सुजाता नाकानं एक लांब श्वास घेत होती. श्वास घेऊन किंचित थांबत होती. पहिला शब्द येणार तोच उन्नतीनं बोटानं आवाज बंद केला. "सकाळी मला उठवायला यायची ना," ती म्हणाली, "तवा माझ्याजवळ वाकून अस्साच श्वास घ्यायची. मग हाक मारायची…"

तिनं मागं नेऊन पुन्हा तीच जागा लावली, श्वास आला, आणि शब्द यायच्या आत पुन्हा बंद केला. मग दुसरा घटक, मग तिसरा. प्रत्येकाच्या सुरुवातीला आई वाकत होती, श्वास घेत होती, आणि त्याला पुढं काय जोडायचं ते लेकीला पाठ होतं. माझ्या पाठीला हळद लागत होती. मी म्हटलं, "बाळा, अजून एकदा लाव."