खंडेनवमीचा नारळ

जुनी जीप दारात आली त्याच आठवड्यात खंडेनवमी होती. रहिमतपूरच्या घरी आम्ही ती धुतली, हार घातला, हळदकुंकू लावलं. फौजेतून निवृत्त झालेले माझे चुलते नारळ घेऊन पुढं आले आणि दगड शोधत न बसता त्यांनी तो थेट मडगार्डवर आपटला. नारळ फुटला नाही. मडगार्ड फुटलं आणि नारळ आत गेला.

मी हात घालून चाचपलं, तर पुट्टीची ढेकळं, पोत्याचं फडकं, तेलाच्या डब्याचा पत्रा असं काय काय हाताला लागलं. राग यायच्या ऐवजी मला भलताच चेव चढला. स्वयंपाकघरातलं उलथनं आणून मी दिसेल तिथं खरवडत सुटलो. लाल रंगाखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा पोतं.

"आरं, ही जीप हाय का बुजगावणं?" म्हणत चुलतेही दुसऱ्या बाजूनं खरवडायला बसले.

खरवडत जीपच्या दारापर्यंत पोचलो तेव्हा मला जीप विकणारा तो खंडाळ्याचा माणूस आठवला. किल्ली देताना त्यानं हात जोडून बजावलं होतं, "पाव्हणं, नारळ दगडावरच फोडा. गाडीवर फोडला तर देव कोपतो."

किती देवभोळा माणूस, असं मीच घरी येऊन कौतुकानं सांगितलं होतं.