नेलपॉलिशच्या खुणा

नवा कीबोर्ड आला तेव्हा तो ठेवायला घरात जागा नव्हती. प्रेमानंद इंगळेनं मग दिवाणावरची महामायेची बाजू रिकामी केली. म्हणजे तिथली दोन शर्टं, लाइटबिल आणि औषधांची पिशवी उचलली. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्या बाजूला तो झोपत नसे. तिथे वस्तू झोपत.

खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता, आणि त्याहून जास्त वर्षं सहदेवच्या भीमगीतांच्या पार्टीत वाजवत आला होता. त्याचं वाद्य म्हणजे सदतीस पट्ट्यांचा, पत्र्याच्या अंगाचा जुना जपानी सिंथेसायझर. मुंबईच्या वादकांनी नवे डिजिटल घेऊन जुने ॲनालॉग काढून टाकले, त्या काळात रुईच्या गाठींच्या ट्रकमध्ये बसून जाऊन त्यानं तो आणला होता. त्यात तयार आवाज एकही नव्हता. बासरी हवी तर एकेक बटण फिरवून ती घडवायची. मग सनई घडवली की बासरी मोडली. यंत्राच्या काही लक्षात राहत नसे. शिवाय एका वेळी एकच स्वर वाजे, आणि सुरू केल्यावर अर्धा तास तापू दिलं नाही तर तोही सरके.

लक्षात ठेवायचं काम महामायेनं घेतलं होतं. तो बटण फिरवी आणि ती मेथी निवडता निवडता सांगे, "थोडं डाव्याले घ्या. अजून. अजून... हां, बस." बस म्हटलं की हात पदराला पुसून ती उठे आणि बटणाच्या टोकाशी नेलपॉलिशचा ठिपका लावी. बासरीचे लाल, सनईचे गुलाबी. स्वतःच्या नखांना तिनं ते कधी लावलं नाही. "दिवसभर बोटं कणकेत असतात, तिथं काय शोभा?" बाटल्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खणात असत.

डिजिटल कीबोर्ड पुण्याहून रवीनं, मुलानं, पाठवला होता.

"बाबा, सहाशे आवाज आहेत त्याच्यात. तापवायची भानगड नाई. आईच्या कार्यक्रमाले हाच वाजवा. जुना विकून टाकू. इकडची पोरं तसल्या मशिनीसाठी पागल आहेत."

"जुनी झाली म्हणून लोकायनं फेकली. आता जुनी आहे म्हणून घेऊन राह्यले काय?"

"हाव. फोटो पाठवा तुम्ही."

प्रेमानंदनं फार ताणलं नाही. त्याला तो अर्धा तास नकोसा झाला होता. पूर्वी यंत्र तापेपर्यंत चहा होई, एखादं भांडण होई, क्वचित ते मिटेही. आता नुसता पत्र्याकडे पाहत बसावं लागे. त्यानं फोटो पाठवला. रवीचा लगेच फोन आला.

"ते लाल-गुलाबी काय लागलं बाबा? घेणाऱ्याले डाग वाटतील. पुसून पुन्हा पाठवा."

शनिवारी सकाळी त्यानं थिनर घेतलं. जिनिंगमध्ये पॅनल साफ करायची त्याची एक पद्धत होती. पेचकसाच्या टोकाला चिंधी गुंडाळायची आणि एका कोपऱ्यापासून निघून दुसऱ्या कोपऱ्यालाच थांबायचं, मध्ये वर पाहायचं नाही. तसंच त्यानं केलं. पत्रा चकचकीत झाला. चिंधी बदलायला घेतली तेव्हा ती लाल दिसली. चिंधीवरचा रंग पाहिल्यावर त्याला कळलं की आपण काय पुसलं.

दुसऱ्या दिवशी विहारात महामायेचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. त्रिशरण-पंचशील झालं की पार्टी तिचा पाळणा वाजवणार होती. बाबासाहेबांचा हा पाळणा माहेरी, वडनेर भोलजी गावात, तिच्या आईनं, जनकाबाईनं, तिला शिकवलेला. महामाया तो म्हणायची लाल ठिपक्यांच्या बासरीवर, आणि ती बासरी आता कुठेच नव्हती.

त्यानं नवा कीबोर्ड लावला. बासरी एक, बासरी दोन, करत चौदापर्यंत गेला. प्रत्येक बासरी चांगली होती. कुठल्याच बासरीला नाव ठेवता येत नव्हतं.

तेवढ्यात सहदेव आला. दारातूनच म्हणाला, "काऊन बे, लग्नातला बॅन्ड लावला काय? एकदम गोड वाजून राह्यलं."

"गोड आहे. पण तिची नाई."

"तिची कोणती? बासरी तं बासरी असते. उद्या कोणी परीक्षा घेऊन राह्यलं काय तुही?"

सहदेव चहा पिऊन गेला. मग प्रेमानंदला पहिला फोटो आठवला, खुणा पुसायच्या आधीचा. फोनमध्ये तो होता. बोटांनी मोठा करून, चष्मा कपाळावर सारून, त्यानं एकेक बटण लाल ठिपक्याच्या जागी आणलं. यंत्र अर्धा तास तापू दिलं. पाळण्याची पहिली ओळ वाजवली.

ती नव्हती.

फोटो पुन्हा पाहिला. बटणं बरोबर होती. मग त्याला तिचं नेहमीचं करणं आठवलं. खुणेवर आणलं तरी ती गप्प बसत नसे. थंडीत एक सांगे, एप्रिलच्या उन्हात दुसरं. तो चिडायचा, "मंग खूण काऊन केली?"

ती म्हणे, "खूण म्हणजे तुम्ही इथपर्यंत या. पुढचं मी सांगतो ना."

शेजारच्या शालूबाई उद्याच्या खिरीसाठी पातेलं द्यायला आल्या. त्यानं त्यांना थांबवलं. "बाई, मी हे फिरवतो. बरोबर वाटलं की बस म्हणा."

शालूबाई पातेलं पोटाशी धरून उभ्या राहिल्या. दोनदा ऐकून म्हणाल्या, "मले सारखंच वाटते भाऊ. हे तिलेच समजे." आणि ओशाळून गेल्या.

त्यानं दार लोटलं. एका हातानं पट्टी दाबून धरली, दुसऱ्यानं बटण डावीकडे नेलं. थोडं. अजून. स्वरात फुंकरीची खरखर आली. अजून थोडं नेलं तर स्वरच फाटला. त्यानं किंचित मागे घेतलं आणि हात थांबवला. सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. पट्टीवरचं बोट बराच वेळ तसंच होतं. मग त्यानं ते उचललं आणि रवीला फोन लावला.

"जुना विकायचा नाई."

"मग नवा परत करू?"

"राहू दे. बाकी गाण्यायले तो बरा आहे. पाळण्याले हा."

"खुणा पुसल्या ना बाबा?"

"हाव. पुसल्या."

रविवारी तो विहारात सगळ्यांच्या आधी गेला. सतरंज्या अंथरायच्या होत्या. महामायेच्या फोटोपुढे अजून मेणबत्ती लागली नव्हती. यंत्र सुरू करून तो शेजारी अर्धा तास बसला. पाळणा झाला तेव्हा बायका जिथे पदर डोळ्याला लावतात तिथेच त्यांनी लावला. वायरी गुंडाळताना सहदेव हळूच म्हणाला, "आज बासरी वेगळी लागली बे."

"चांगली का वाईट?"

सहदेवनं विचार केला. "वेगळी."

बटणांना धक्का लागू नये म्हणून प्रेमानंदनं वाद्य मांडीवर घेऊनच ऑटोतून घरी आणलं. फ्रिजच्या दारातली लाल बाटली काढली. आतलं नेलपॉलिश घट्ट झालं होतं, ब्रश निघेना. त्यानं त्यात थिनरचे चार थेंब टाकले, बाटली तळहातांत घोळवली, आणि बटण होतं तिथे पत्र्यावर ठिपका लावला. महामायेच्या ठिपक्यांपेक्षा तो जाडा आला. बाकीचेही लावले.

थोडा लाल रंग त्याच्या अंगठ्याच्या नखाला लागला. थिनर शेजारीच होतं. त्यानं झाकण लावून ते वरच्या फळीवर ठेवून दिलं.