अक्काची बरणी आणि माझी लिंबाची दारू

जगातली सर्वांत चांगली लिंबाची दारू इटलीत होते आणि दुसऱ्या नंबरची व्हाइटफील्डमध्ये, नवव्या मजल्यावर, आमच्या घरी. हे मी इतक्या लोकांना सांगितलंय की एव्हाना इटलीवाल्यांच्याही कानावर गेलं असेल आणि ते थोडे काळजीत असतील. पण मी ती का केली, हे सहसा सांगत नाही. मला काही दारूची तहान लागली नव्हती. मला माझ्या थोरल्या बहिणीला घरात अडकवून ठेवायचं होतं.

अक्का बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. चामराजपेटेत दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते, खाली बाइंडिंगचं दुकान आहे. वर जायचा जिना असा उभा की शिडीनं तो बघितला तर तिला चक्कर येईल. त्याच जिन्यावर अक्का घसरली आणि सकाळी बाइंडर दुकान उघडायला येईपर्यंत तिथेच बसून राहिली. फोन वर घरात होता. बाइंडरला म्हणे ती म्हणाली, "आज उशीर केलात." मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही तिला इकडे घेऊन आलो.

काही महिन्यांनी एका सकाळी ती काठी न घेता स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आता मी जाते. माझ्या बायकोनं आणि मी आधी एकदा तिला कायमचं राहायला सुचवून बघितलं होतं. तेव्हा तिनं आमच्याकडे असं बघितलं होतं, जसं कागदपत्रांशिवाय कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे बघतात. त्यामुळे सरळ मार्ग बंद होता. त्या जिन्यावर तिला पुन्हा एकटी बसलेली मला बघायची नव्हती, आणि हे तिला सांगायचीही सोय नव्हती. तोंड उघडलं आणि जे पहिलं आलं ते बोलून गेलो.

"अक्का, स्वल्प थांब. मला लिंबाची दारू करायचीय आणि ती तुझ्याशिवाय होणार नाही."

बायकोच्या हातातला चमचा आमटीत पडला. आमच्या घराण्यात कुणी दारू केलेली नाही. पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे कन्नड मुलखात घोड्यावरून आले, तलवारी परजत, अशी माझी माहिती आहे. अक्काच्या मते ते बैलगाडीतून आले, कुणाचा तरी हिशेब लिहायला. काहीही असो, दोन्ही पक्षांच्या हातात बाटली नव्हती.

मी मग इटलीची गोष्ट सांगितली. कंपनीच्या कामानं गेलो होतो, डोंगरउतारावर लिंबाची बाग, तिथल्या म्हाताऱ्यानं मला जेवू घातलं, मग माझ्या हातची आमटी चाखून तो रडला आणि सात पिढ्यांची कृती माझ्या कानात सांगितली. कंपनीच्या कामानं गेलो होतो हे खरं आहे. ती दारू मी विमानतळावर चाखली हेही खरं आहे. म्हातारा मी पदरचा घातला. बाकी कृती फोनवर बघितली. जाड सालीची लिंबं घ्यायची, वरची पिवळी साल तेवढी काढायची, ती व्होडकात मुरवायची, गाळायची, साखरेचं पाणी घालायचं आणि पुन्हा ठेवायची. एवढंच. पण एवढंच सांगून कुणी थांबत नाही, म्हणून एक कलम मी वाढवलं. म्हातारा म्हणाला होता की बरणी रोज हलवायची आणि ती एकाच माणसानं हलवायची. हात बदलला की दारू रुसते.

या कलमावर माझा भरवसा होता. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीला अमक्याचाच हात लागावा, तमक्याचा लागू नये, असली शास्त्रं मुबलक आहेत. अक्का व्याजदर सोडून कशावर विश्वास ठेवत नाही, पण बरणीच्या बाबतीत ती आईची मुलगी आहे.

"मी पिणार नाही," ती म्हणाली. "पण माझ्या बरणीत आजवर काही नासलेलं नाही. सरी, चालेल. घरून बरणी आण."

लिंबं मार्केटातून आणली. आपली नेहमीची कागदी लिंबं चालत नाहीत, त्यांची साल नावाप्रमाणेच. अक्कानं हेरळेकाई आणायला सांगितली, म्हणजे ते इथे लोणच्याला वापरतात ते जाड, खडबडीत सालीचं थोराड लिंबू. मी आणली ती एवढी मोठी होती की रिक्षावाल्यानं मागे वळून विचारलं, ही पण मार्केटपासूनच बसलीत का. त्याच फेरीत चामराजपेटेतून अक्काची तपकिरी झाकणाची चिनी मातीची बरणीही उचलली. बाइंडरनं ती मांडीवर बाळ द्यावं तशी रिक्षात माझ्या हातात दिली आणि अक्का कधी येणार ते विचारलं. मी म्हटलं, मुरल्यावर. तो समजल्यासारखी मान हलवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी व्होडका आणायला बाहेर पडलो. आमच्या भागात वाइन शॉप दोन सिग्नल पलीकडे आहे, म्हणजे जायला आणि यायला मिळून एक ऋतू जातो. परत आलो तर घरात हिंगाचा वास. यात दखल घेण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरात हिंगाचा वास आला नाही तर मी दार चुकलो असं समजून परत लिफ्टमध्ये शिरतो. अक्का जेवणाच्या टेबलाशी बसून साल काढत होती. पांढऱ्याचा कणसुद्धा येऊ न देता तिनं ती इतकी पातळ काढली होती की डोळ्यासमोर धरली असती तर पलीकडे थेट बेळ्ळंदूरचा ट्रॅफिक दिसला असता. बरणी शेजारी तयार होती, धुतलेली, गॅलरीत ऊन दाखवलेली, कोरडी ठणठणीत. साली आत, व्होडका वर, झाकण, झाकणावर फडकं, फडक्याला दोरी. अक्कानं बरणी दोन्ही हातांनी धरून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे हलवली आणि कोपऱ्यात ठेवली.

सोललेली लिंबं पुढे फोडणीच्या भातावर पिळून त्याचं चित्रान्न झालं. आम्ही खाल्लं, शेजाऱ्यांनी खाल्लं, मजल्यावर जे कुणी पार्सल द्यायला आलं त्यानंही खाल्लं. लिंबं संपेपर्यंत आमच्या मजल्यावर कुणाला सर्दी झाली नाही.

आठवडे गेले. अक्का रोज बरणी हलवायची. मग दुपारी ती तासभर गायब व्हायला लागली. मी म्हटलं, खाली बागेत बायकांमध्ये बसत असेल, रमतेय, डाव जमतोय. व्होडका सोन्यासारखी पिवळी झाली आणि साली फिकट पडून पापडासारख्या कडक झाल्या. हे सर्व फोनवर दाखवल्यानुसार वेळेत झालं होतं. अक्का विचारायची, झाली का रे? मी झाकण न उघडता बरणीला कान लावायचो आणि म्हणायचो, अजून मुरायचंय. दहा दिवसांनी पुन्हा तेच. एकदा मी इटलीतला म्हातारा सहा महिने मुरवायचा असंही सांगितलं. अक्का म्हणाली, बरा जगला इतका.

पण सगळ्यालाच काही सीमा असते. एक दिवस तिनं स्वतःच फडकं सोडलं, मलमलीतून गाळलं आणि साखर पाण्यात घालून गॅसशी उभी राहिली. मी तारेबद्दल काही बोलणार, तर म्हणाली की हे चिरोटे नाहीत, पाक नकोय, साखर विरघळली की बंद. साखरेचं पाणी गार करून ओतलं तशी पिवळीधमक दारू एकदम धुकट झाली. बरोबर तसंच व्हायला हवं होतं. बाटल्या भरून फ्रीझरमध्ये गेल्या आणि अक्कानं जाहीर केलं की रविवारी समोरच्यांना जेवायला बोलवा, ही वाढा, आणि सोमवारी मला सोडायला या.

आता थांबवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. बायको म्हणाली, सरळ सांगून बघा ना. मी म्हटलं, चाळीस वर्षं सवय नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये म्हैसूरकडचं जोडपं राहतं, दोघंही निवृत्त. रविवारी ती दोघं आली. बिसिबेळे भात झाला, दहीभात झाला. वाढताना शेजारीणबाई कौतुकानं कन्नडमध्ये म्हणाल्या की अक्कांचा गुडघा काय छान झालाय, आम्ही रोज दुपारी बरोबर जिना चढतो, काल तर तळमजल्यापासून सातव्यापर्यंत न थांबता आल्या. माझा घास हातात राहिला. अक्का शांतपणे पापड मोडत होती.

मग मी फ्रीझरमधून बाटली काढली. तिच्यावर हिमालयाएवढं दव होतं. छोटे ग्लास घरात नव्हते, म्हणून कॉफीचे स्टीलचे पेले घेतले आणि इथे हॉटेलात एका कॉफीची दोन करून बाय-टू देतात तशी अर्धी अर्धी ओतली. ओतता ओतता इटलीतल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. तोवर त्याला दोन मुली आणि एक गाढव झालं होतं. शेजाऱ्यांनी पेला उचलला, घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. मग पेल्यात बघत राहिले.

"एक विचारू का," ते म्हणाले. "याला फोडणी दिलीय?"

मी घाईघाईनं माझा घोट घेतला. पहिल्यांदा थंडगार लिंबू आलं, सुगंधी, गोड, अगदी हवं तसं. मग त्याच्या मागून, कुणी दार लोटून यावं तसा, हिंग आला. येऊन बसला. सरळ खुर्चीत.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी अक्काकडे बघितलं.

"बरणीला धुरी दिली होती," अक्का म्हणाली. "करवंटीचा निखारा करून, वर हिंग टाकून, बरणी पालथी घातली. तू बाटल्या आणायला गेला होतास तेव्हा."

"अक्का, लोणच्याच्या बरणीला देतात धुरी."

"मग? धुरी न देता बरणी भरायची? नासलं असतं म्हणजे माझ्या नावानं शंख केला असतास."

व्होडका कधी नासत नाही, उलट ज्यात टाकाल त्याचा वास ओढून घेते, हे मी तिला सांगणार होतो. पण शेजाऱ्यांनी पेला पुढे केला. पोट हलकं वाटतंय म्हणाले, अजून स्वल्प घाला. त्यांच्या बायकोनंही घेतली. या दारूनं त्या रात्री आमच्या मजल्यावरचा गेल्या दहा वर्षांतला गॅस बाहेर काढला असं मी पुढे सांगत फिरलो, आणि यात नेहमीपेक्षा कमी अतिशयोक्ती आहे. अक्का पिणार नव्हती. पण शेवटी तिनं माझ्या पेल्यातून जिभेला लागेल एवढी घेतली, डोळे मिटले आणि हिंग चांगला आहे एवढंच म्हणाली.

ती दोघं गेल्यावर मी पेले गोळा करत होतो. अक्का टेबलाशी बसून बरणी पुसत होती.

"तुझी दारू महिन्याभरापूर्वीच झाली होती," ती वर न बघता म्हणाली. "फोन मलाही बघता येतो. माझा गुडघा व्हायचा होता, म्हणून थांबले."

तिथे कुठलाही म्हातारा कामाचा नव्हता.

"अक्का, त्या जिन्यावर परत..." एवढंच निघालं.

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर रोज जिना चढले. तू बरणीला कान लावत बसलास."

सोमवारी आम्ही तिला सोडलं. ती पुढे चढली, एका हातानं कठड्याला धरून, न थांबता. मी मागे बरणी घेऊन, दोनदा थांबून. बाइंडर खाली उभा राहून बघत होता आणि तो मलाच सावकाश म्हणत होता. वर पोचल्यावर अक्कानं बरणी कपाटाखाली ठेवली, पिशवीतून हेरळेकाई काढली आणि मला व्होडका आणायला पिटाळलं. या खेपेला धुरी नव्हती. साली आत, व्होडका वर, झाकण, फडकं, दोरी.

मग ती म्हणाली, "हलव."

मी हलवली.

"एकाच माणसाचा हात लागला पाहिजे, तूच म्हणालास. या वेळी तुझा. रोज यायला नको, माझ्याकडची दारू रविवारी हलवली तरी रुसत नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी मेट्रोत बसतो, मॅजेस्टिकला गाडी बदलतो, मार्केटला उतरतो आणि चालत जातो. बाइंडरला नमस्कार करतो, तो आठवडाभराची खबर देतो. अक्का कितीदा खाली उतरली, भाजी कुठून आणली, कुणाशी भांडली. जिना चढतो. बरणी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. अक्का कॉफी करते, एकाच पेल्याची दोन करून.

आतल्या साली कधीच पांढऱ्या पडल्यात. गेल्या वेळी मी म्हटलं, अक्का, झाली वाटतं आता, गाळूया.

तिनं वाकून बरणीला कान लावला.

"अजून मुरायचंय," म्हणाली.