सणसरच्या तात्यांची डाळिंबं

काल डाळिंब सोलताना बोटं लाल झाली आणि बारामतीतल्या फळांच्या कंपनीतली ती दुपार आठवली. मी तिथं अकाउंटंट होते. साहेबांनी सांगितलं म्हणून सणसर गावच्या तात्या नावाच्या शेतकऱ्याचा चांगला असलेला निम्मा माल मी कागदावर ‘सडका’ दाखवला आणि खाली सही केली. सडक्या मालाचे पैसे मिळत नसत.

तात्या चौकशीला आले. त्यांच्या कपड्यांना मळ्यातल्या ओल्या मातीचा वास येत होता.

“ताई, खरंच निम्मा माल सडला व्हता?”

“हो, तात्या.”

“तुमी सांगताय म्हंजी असंलच. फवारणीत आमचंच कायतरी चुकलं म्हणायचं.”

नमस्कार करून ते गेले. त्यांनी वाद घातला नाही म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं. आज सहीपेक्षाही त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटते.