आतल्या बाजूची खूण

गावातली निम्मी म्हातारी माणसं कवळीकाकांच्या दातांनी हसत होती, आणि ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. कवळी बसवतो तो डॉक्टर. आभार त्याचे, हात हातात घ्यायचे तेही त्याचेच. कवळी घडवणारा माणूस मात्र मागच्या गल्लीत, घराच्या पुढच्या खोलीत, गुलाबी मेणाच्या वासात बसलेला. पेशंटचं तोंड त्याने कधी पाहिलेलं नसायचं. त्याच्यापर्यंत यायचा तो तोंडाचा प्लास्टरचा साचा आणि एक जुना फोटो.

फोटोचा हट्ट काकांचा. थोरल्या डॉक्टरांच्या काळापासूनचा. "देव काही फूटपट्टी घेऊन दात बसवत नाही," ते म्हणायचे. कुणाचा सुळा जरा पुढे, कुणाच्या दोन दातांत फट. फोटोत भिंग लावून काका ती फट शोधायचे आणि मेणावर एकेक दात तसाच बसवायचे. त्यामुळे कवळी लावून घरी गेलेल्या आजोबांना नातवंडं म्हणायची, "आजोबा, तुम्ही अल्बममधल्यासारखे दिसताय." हे काकांना थोरल्या डॉक्टरांनी सांगितलेलं. विंगेत उभं राहून दुसऱ्यासाठी पडलेल्या टाळ्या ऐकाव्यात, तशी त्यांची सगळी कमाई कानांवाटे आलेली. पण ती चाळीस वर्षं पुरली. सकाळी आठाला पॉलिशचं चाक सुरू व्हायचं आणि त्यासोबत काकांचं गुणगुणणं. चाक थांबेपर्यंत गुणगुणणं थांबायचं नाही.

प्रत्येक कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला लागते तिथे कोपऱ्यात, ते तिळाएवढी चंद्रकोर कोरायचे. कुणाला दिसू नये, पण आहे हे आपल्याला ठाऊक असावं, एवढ्यासाठी.

थोरले डॉक्टर गेले, मुलगा खुर्चीवर बसला. त्याला काकांनी लहानपणी मेणाचे हत्ती करून दिलेले. तोही साचे पाठवायचा, पैशांचं पाकीट पाठवायचा, आणि दर खेपेला निरोप एकच: पेशंट खूश आहे, काका.

परवा काका न्हाव्याकडे गेले, तर खुर्चीत गालाला साबण लावून निवृत्त पोस्टमन बसलेला. न्हाव्याने काहीतरी वात्रट विनोद केला आणि पोस्टमन साबणासकट खदाखदा हसला. काकांनी पाहिलं. वरचे दात सरळ, एकसारखे, कवायतीला उभे केल्यासारखे.

याची कवळी काकांनी गेल्याच महिन्यात केली होती. पुढच्या दोन दातांत फट ठेवून. ती फट जमावी म्हणून तीनदा मेण उतरवून पुन्हा बसवली होती.

"जरा दाखवता?" काका म्हणाले.

"काय?"

"कवळी."

"इथं? अहो, दाढी चाललीय माझी!"

"काढा हो काढा," न्हावी म्हणाला, "गाल आत गेले की वस्तरा सोपा फिरतो."

पोस्टमनने कवळी काढून तळहातावर ठेवली. काकांनी ती उलटी केली. आत काही नव्हतं.

"चार दिवसांत मिळाली," पोस्टमन बोळक्या तोंडाने सांगू लागला. "मशीन आहे ना आता. पडद्यावर आपलं तोंड आपल्यालाच दिसतं. तीन वर्षं झाली की मशीन येऊन. दवाखान्यात जुना फोटो मागितला होता, तो कशाला, कोण जाणे."

काका दाढी न करताच उठले.

दवाखान्यात जेवणाची सुट्टी होती. धाकटा डॉक्टर डबा उघडत होता. काकांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने झाकण परत लावलं.

"कुठे ठेवतोस?" काकांनी विचारलं.

त्यानेही नाटक केलं नाही. उठला आणि मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. तीन खण भरून पांढरे डबे. प्रत्येकावर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी. काकांनी पहिलाच डबा उघडला. फट होती, चंद्रकोर होती. घालणारं तोंड तेवढं नव्हतं.

"तीन वर्षं!" काका म्हणाले. "तीन वर्षं मला खेळवलंस? मी काय रे, लहान मूल? मेणाचे हत्ती पाठवत होतो तुला?"

"काका, मशीन आलं तेव्हा मी सांगायलाच आलो होतो. काकूंनी दारात अडवलं." तो खाली बघत म्हणाला. "म्हणाल्या, मागे आजारात काम बंद होतं तेव्हा महिनाभर हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. शब्द बोलले नाहीत. साचे पाठवत राहा, बाकी मी बघते."

"आणि तू पाठवलेस."

"हो."

"मशीन नसतं आलं तर?"

डॉक्टरने तो उघडा डबा मिटून परत खणात ठेवला. मग म्हणाला, "शेवटी शेवटी पेशंट परत यायचे, काका. टोचते म्हणून. मी इथेच घासून द्यायचो. बाबाही द्यायचे म्हणे, अधूनमधून."

थोरलेही! काकांनी कपाटाचं दार स्वतःच लावलं, अगदी हलकेच.

घरी काकू धुतलेले कपडे दोरीवर टाकत होत्या. काका समोर उभे राहिले. ओरडायचं म्हणून वाटभर जमवलेलं सगळं तोंडाशी आलं आणि एक भलतीच शंका मनात चमकून गेली.

"तुझी काढ," ते म्हणाले.

"काय काढू?"

"कवळी. दाखव मला."

दोन वर्षांपूर्वी काकांनी बायकोसाठी नवी कवळी केली होती. तरुणपणीच्या फोटोवरून, डावीकडचा दात किंचित वळलेला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. रोज जेवताना विचारायचे, "बरी बसलीय ना?" आणि रोज उत्तर यायचं, "अगदी!"

काकूंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मग त्यांनी पाठ वळवली, कवळी काढली आणि मागे न बघता हात पुढे केला.

बाहेरून हुबेहूब. वळलेला दातसुद्धा. काकांनी उलटी केली. आत गुळगुळीत.

"तुमच्या कवळीवरूनच मशीनवर करून घेतली," काकू तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "तुमची टोचायची हो. जखम झाली होती."

"मग सांगायचं!"

"सांगितलं होतं की. पहिल्या कवळीला. आठवतंय? तीन दिवस जेवला नव्हता तुम्ही. माझं तोंड दुखतंय आणि समजूत मी तुमची काढतेय!"

काकांना आठवलं. आठवू नये असं फार वाटलं, पण आठवलं.

"सगळ्यांनी मिळून," ते म्हणाले, "सगळ्यांनी मिळून मला एकट्याला प्रेक्षक केलंत."

काकूंनी हातातला टॉवेल दोरीवर टाकला. आत गेल्या, कपाटातून कापसात गुंडाळलेला डबा आणून टेबलावर ठेवला. टाकली नव्हती.

दुपार कलेपर्यंत काका त्या डब्यासमोर बसून होते. एकदा खुर्ची भिंतीकडे फिरवलीही. मग परत वळले, दिवा लावला, चष्मा चढवला.

"इकडे ये. बस. आ कर."

काकू बसल्या.

"कुठे टोचायची?"

काकूंनी बोट ठेवलं. काकांनी जांभळी पेन्सिल ओली करून टाळूवर त्या जागी ठिपका दिला, वर डब्यातली आपली कवळी दाबून बसवली आणि काढली. ठिपका कवळीच्या आतल्या बाजूला उमटला होता. बरोब्बर चंद्रकोरीवर. कोरताना उठलेली बारीक कड बोटाला लागत होती. आयुष्यभर मिरवलेली खूण! किती टाळूंना लागली असेल, देव जाणे.

त्यांनी ती घासून काढली. कोपर टेबलाला टेकवून घासली.

"आता?"

"आता छान."

काकांनी बायकोकडे पाहिलं. ते 'छान' चाळीस वर्षं ऐकलेलं होतं. ते उठले, सफरचंदाची जाड फोड कापून आणली आणि पुढे धरली.

"चाव."

काकूंनी चावली. डावी भुवई किंचित वर गेली.

"टोचलं," काका म्हणाले.

काकू घुटमळल्या. "हो. थोडं मागे."

"दे इकडे."

काकांनी चाक सुरू केलं. गुणगुणणं सवयीने ओठांपर्यंत आलं, ते त्यांनी गिळलं. चाक मात्र थांबवलं नाही. सफरचंद अजून बरंच उरलं होतं.