माणसं मोजणारे नाना

उत्रोलीच्या नानांना माणसं मोजायची सवय होती. भातलावणीला बायामाणसं चिखलात उतरली की नाना बांधावर उभे राहून बोटं मिटत मोजत, आणि दुपारी सगळी वर आली की पुन्हा मोजत. आकडा जुळेपर्यंत भाकरीचं फडकं सुटायचं नाही. "नाना, खेकडं बी मोजा की," माझी सखूआत्या चिडवायची. नाना शांतपणे म्हणत, "खेकड्याची घरी कुणी वाट बघत न्हाई, सखू. गप हुबी ऱ्हा."

ही सवय त्यांनी आणली होती पार पूर्वेकडून, एका मोठ्या पोलाद कंपनीच्या कोळशाच्या खाणीतून. तिथे ते मुकादम होते. उतरताना प्रत्येक कामगाराला नंबर कोरलेला पितळी बिल्ला मिळे. वर आल्यावर तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरले की मुकादम "पुरे" म्हणे, मग खाली सुरुंग उडे. वेल्ह्याच्या धोंडिबाला नानांनीच तिकडे नेलं होतं. ठेकेदाराकडे लागून त्याला आठवडाच झाला होता, आणि ठेक्याच्या माणसाला बिल्ला नसे. त्या दिवशी फळी भरली, नाना "पुरे" म्हणाले, सुरुंग उडाला. धोंडिबा खालीच होता.

"म्या बिल्ले मोजले, माणसं मोजली न्हाईत. कंपनीनं शिकवलं तसं मोजलं, ही माजी चूक." याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

नोकरी संपवून नाना गावी आले तेव्हा मी कॉलेजात होतो आणि माझ्या खिशात कायम कुठलं तरी पत्रक असे. पुढे कंपनीने स्वतःचा इतिहास छापला. जाडजूड पुस्तक, गुळगुळीत कागद. जुन्या कामगारांचा सत्कार करायला एक साहेब भोरला येणार होते. पुस्तक आधीच घरी पोचलं. नानांनी मला वाचायला बसवलं. मालक, भट्ट्या, हारतुरे, पाहुणे. मग त्यांच्या खाणीचं पान आलं. 'या खाणीत आजवर एकही माणूस दगावला नाही.'

"पुन्यांदा वाच," नाना म्हणाले. मी वाचलं.

भोरच्या शाळेत साहेबांनी शाल पुढे केली तेव्हा नानांनी हात मागे बांधले. "साहेब, आदी ह्या पानावर धोंडिबाचं नाव लिवा."

साहेब नम्रपणे म्हणाले, "नाना, तो कंपनीचा माणूस नव्हता. हजेरीत त्याचं नावच नाही."

"मंग सुरुंग कुणाचा व्हता?"

साहेबांनी शालीची घडी पुन्हा घातली. नानांनी माझ्या खिशातलं पेन काढलं आणि त्या ओळीखाली वाकड्या अक्षरांत लिहिलं : धोंडिबा, वेल्हे. येताना पुस्तक वाचनालयात देऊन टाकलं. "हितं लोकं वाचतील," म्हणाले.

भट्ट्या कुणाच्या जिवावर पेटल्या, हे मी पुष्कळ पत्रकांत वाचलं होतं. पुढे स्वतःही लिहिलं. पण त्या दोन शब्दांएवढं धारदार मला अजून जमलेलं नाही. कंपनीने हवा तर नवा इतिहास छापावा. आम्ही त्यावरही लिहू.

गेल्या वर्षी नाना गेले. नीरेच्या काठावर त्यांना पोचवून परतताना माणसं वेशीपाशी आपसूक थांबली. सखूआत्याचा थोरला बोटं मिटत मोजू लागला.

"एक कमी," तो म्हणाला.

"दोन," मी म्हणालो. दुसरा कोण, हे कुणीच विचारलं नाही.