अप्पांच्या गाडीला जंग लागू नये म्हणून

महादेवी अक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या मोटारसायकलला कुंकू लावतायत असंच मला वाटलं. बदली होऊन उदगीरला आलो होतो, त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली होती. सकाळी दार उघडलं तर बोळात या बाई फतकल मारून बसलेल्या. हातात वाटी, वाटीत लाल काहीतरी, आणि टाकीखालच्या लोखंडी नळीवर ब्रशचं टोक जपून टेकवणं चाललेलं. ओळख काढावी म्हणून विचारलं, "आज पूजा आहे का?"

"पूजा कशाची ओ? हे प्रायमर हाय. खरडलंय हितं. तवाच लावलं न्हाई तर जंग खाऊन टाकतो. ह्याच्यावर मग काळा."

गाडी त्यांच्या नवऱ्याची. शिवअप्पांचं पेंडीचं दुकान होतं आणि जळकोटपर्यंतची सगळी गावं त्यांनी याच गाडीवर पालथी घातली होती. मग लकवा झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, आणि अप्पा बोळाकडच्या खिडकीशी खाटेवर पडून राहिले. खिडकीखाली गाडी. बोळ इतका अरुंद की येणारी-जाणारी प्रत्येक सायकल तिला खरडून जाई. गॅस सिलिंडरवाल्याचा तर अक्का असा उद्धार करायच्या, की बिचारा आमच्या बोळात चपला काढून शिरायचाच काय तो बाकी होता.

डॉक्टर म्हणाले होते, आधी बसता आलं पाहिजे, मग पुढचं. अक्कांनी तेवढंच धरून ठेवलं. रोज सकाळी पाठीला उशा लावून त्या अप्पांना बसवत, आणि हात सोडला की अप्पा उजवीकडे कलंडत. पुन्हा बसवत, पुन्हा कलंडत.

"बसा हो. येकदा खाटंवर बसा, मग गाडीवर बसायला काय लागतंय? किक मी मारते की!"

यावर अप्पांचा अर्धा चेहरा हसायचा. ते अर्धं हसू पाहायला मी सकाळचा चहा तिकडेच घेऊ लागलो.

एकदा अक्का घाईत होत्या. नळीवर उघडं लोखंड चमकत होतं, त्याच्यावर त्यांनी थेट काळाच रंग लावला. खिडकीतून अप्पा असे ओरडले, की माझ्या हातातली बशी पडली. अक्का क्षणभर भेदरल्या आणि मग हसतच सुटल्या. "लाल लावायचं इसरले म्हणून वरडायलेत! डोस्कं लई शाबूत हाय की ओ ह्यांचं!" ओला रंग थिनरने पुसून काढला, पॉलिश पेपरने घासून पुन्हा लालपासून सुरुवात केली. त्या दिवशी अख्ख्या बोळाला शिरा मिळाला.

लातूरला दिलेली लेक आली की कुरकुरायची. "आई, देऊन टाक कुणाला तरी ती गाडी. नुसती अडगळ."

"आन तुझा बाप उठल्यावर काय पायी जाईल?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं.

अप्पा उठले नाहीत. थंडीत छाती भरली आणि एका सकाळी ते गेले. पुढचं सांगायला मला अजून जड जातं.

लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात, तसंच मिरवत नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. अप्पांनाही भिंतीशी बसवलं, पाठीला फळी दिली, नव्या पंच्याने बांधलं. बाहेर पालखीला वाट हवी म्हणून कुणीतरी गाडी ओढली आणि ती भिंतीला खर्रकन घासली. मी दचकून अक्कांकडे पाहिलं. त्यांनी मानही वळवली नाही.

त्या अप्पांकडे बघत होत्या. पाठ ताठ, मान सरळ, अप्पा कुठेच कलंडत नव्हते. अक्का पुढे सरकल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान पोरावर रागवावं तशा म्हणाल्या, "इतके दिस बसा बसा म्हणलं, तवा बसला न्हाईत. आन आता कसं ओ बसून राहिलात?"